नानांचं मैदान आणि मोथ्याचा वास

देठ चिमटीत धरा आणि फिरवा. सरळ फिरला तर ते गवत. फिरता फिरता बोटाला कडा लागल्या, अडल्यासारखं झालं, तर मोजा. तीन कडा असतील. मग खुशाल समजा की तुमच्या हिरवळीत लव्हाळा घुसलाय आणि तुमची झोप उडायची वेळ आली आहे!

माझी तर उडायचीच, पण आनंदाने. खरं सांगते, लव्हाळा दिसला की माझ्या अंगात वारं भरतं. संपादकांनी फोन करून "ताई, नोकरीतले अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा मी विचारलं, नोकरी कधी लागली, बढती कधी मिळाली, हे कोण वाचणार? मी लव्हाळ्यावर लिहिते. मग ते म्हणाले, "बरं, लिहा."

माझं माहेर मुक्ताईनगरच्या पुढचं. वडिलांची केळी. केळीला बारमाही ओल, आणि ओल म्हटली की लव्हाळा आलाच. चालायला लागले तेव्हापासून मी तो उपटत आले आहे. पुढे कृषीची पदवी घेतली आणि जळगावात शेतीऔषधांच्या एका वितरकाकडे फील्ड ऑफिसर म्हणून चिकटले. पहिली काही वर्षं गावात गेले की लोक माझ्या पाठीमागे बघायचे आणि विचारायचे, "साहेब मागून येताहेत का?" अहो, साहेब मीच! पाठीवर पंप चढवून दोन ओळी मारून दाखवल्या की मग चहा यायचा.

आमच्याकडे हिरवळी आल्या त्या नंतर. आधी हायवेला लग्नाची लॉन झाली, मग हॉटेलं, मग कॉलेजांची मैदानं. त्या सगळ्यांच्या मागोमाग केळीतला माझा जुना दोस्त कारंजाच्या शेजारी डोकं वर काढून उभा! तेव्हापासून मी औषधवाली ताई झाले ती आजतागायत. निवृत्त होऊनही सुटका नाही.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो गवत नव्हे. त्याचं खरं घर जमिनीखाली असतं. एक गाठ, तिच्यातून दोरीसारखं मूळ, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, पुन्हा दोरी, पुन्हा गाठ. अशी माळच्या माळ. तुम्ही वरून उपटलं की दोरी तुटते, आणि इतके दिवस आईच्या धाकात गप्प बसलेली प्रत्येक गाठ म्हणते, चला, आता आपलं राज्य! एक उपटा, आठवड्यात चार हजर. म्हणून खुरपं घेऊन लव्हाळ्यावर तुटून पडणाऱ्या माणसाला मी आधी खुरपं खाली ठेवायला लावते.

औषधाचं नाव मी इथे लिहीत नाही, जाहिरात होते. पण चांगलं औषध हिरवळीला धक्का न लावता पानातून आत शिरतं, देठातून उतरतं आणि गाठीपर्यंत पोचतं. त्याला वेळ लागतो. पंधरा-पंधरा दिवस वरून काहीसुद्धा दिसत नाही. या पंधरा दिवसांत गिऱ्हाईक मला जे बोलतं ना, ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नसतं.

गिऱ्हाइकंही काय एकेक! सोनगीरच्या बाजूला हायवेवर एका हॉटेलवाल्या भाऊंचं लॉन बघायला गेले. सगळ्यात उंच, सगळ्यात तजेलदार, लकलकतंय काय, तर लव्हाळा. आणि त्यांचा माळी उकिडवा बसून मधलं बिचारं खरं गवत उपटतोय! मी ओरडलेच. तर भाऊ म्हणाले, "ताई, जे जोरात वाढतंय तेच ठेवायला सांगितलं मी. धंद्यात आपण तेच करतो." त्याला त्यांनी वर युरियाही घातला होता. काय बोलणार! मी त्यांच्याच हॉटेलात बसून शेवभाजी खाल्ली आणि मग समजावलं.

जळगावच्या एका लॉनवाल्याने तर कहर केला. तणनाशक म्हणजे तणनाशक, असं म्हणून दिसेल ते हिरवं मारणारं औषध त्याने स्वतःच मारलं. आठ दिवसांत अख्खं लॉन वाळलेल्या कडब्याच्या रंगाचं, आणि रविवारी लग्न! मला फोन आला तोवर त्याने हिरवा रंग आणून पंपाने फवारलासुद्धा होता. त्या लग्नात वरपक्षाकडची पांढऱ्या पायजम्यातली सगळी माणसं गुडघ्यापर्यंत हिरवी होऊन घरी गेली. मी हसले खरी, पण मला वाईटही वाटलं, कारण ते गवत लावलेल्या माळ्याचं तोंड मी बघितलं होतं.

मला सांगायचंय ते मात्र धुळ्याचं.

गेल्याच्या गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. "ताई, मी रघुनाथ माळी, कॉलेजना ग्राऊंडवरथीन बोलस. मन्हं मैदान जाई ऱ्हायनं. लवकर या."

या रघुनाना माळ्यांना मी नावाने ओळखत होते. धुळ्यातल्या एका जुन्या कॉलेजच्या मैदानावर आयुष्य गेलेलं. मूळचे पिंपळनेरकडचे. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. त्या मैदानातली हरळी त्यांनी पांझरेच्या काठावरून पोत्यांनी आणून, दोरी धरून, वीत वीत अंतरावर स्वतःच्या हाताने लावली होती. बाहेरगावचे खेळाडू सामना संपल्यावर त्या हिरवळीवर आडवे पडायचे आणि उठायचं नाव घ्यायचे नाहीत, असं ते मैदान.

जाऊन बघते तर काय, मधली खेळपट्टी सोडली तर हिरवळीत जिकडेतिकडे लव्हाळ्याचे भाले! आदल्या उन्हाळ्यात कोणा कंत्राटदाराने सपाटीकरणाला तलावातला गाळ आणून ओतला होता. गाळात गाठी आल्या. मग नानांनी काय करावं? पाच बाया लावून सगळा पावसाळा निंदणी केली!

"आठे बाया निंदी निंदी थकन्यात," नाना म्हणाले, "तरी हाऊ लव्हाया वाढीच ऱ्हायना."

आमच्याकडे बोलताना ळचा य होतो, म्हणून लव्हाया; आणि आठे म्हणजे इथे. मी डोक्याला हात लावला. त्यांनी एवढ्या मायेने तो वाढवला होता!

पण खरी गोष्ट पुढेच होती. संस्थेचे सेक्रेटरी, सगळे त्यांना आबा म्हणतात, त्यांनी ठरवत आणलं होतं की हे गवत खरवडून काढायचं आणि वर प्लास्टिकचं गवत अंथरायचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी समिती मैदान बघायला येणार आणि त्याच दिवशी निर्णय होणार. नाना माझ्याशी बोलत होते, पण बघत होते मैदानाकडे. "मन्ही जिंदगी गई ना ताई आठे," ते म्हणाले. "मी रिटायर व्हसू, त्यानं काही नही. पन हाई गवत खरडी टाकतीन, ते मी कसा दखू?"

माझं रक्त उसळलं. म्हटलं, नाना, आजपासून निंदणी बंद, कापणी बंद. लव्हाळ्याला वाढू द्या.

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या घराला काडी लावायला सांगतेय. पण औषध पानातून आत जातं, आणि पानच नसेल तर ते जाणार कुठून? ज्या माणसाने मैदान कधी बोटभर वाढू दिलं नाही, त्याने ते आठ-दहा दिवस तसंच सोडलं. येता-जाता पोरं विचारत होती, "नाना, म्हशी सोडायच्या का?" नाना तोंड फिरवून चुन्याची फक्की चाळत बसायचे.

गौरी गेल्या आणि चांगली उघडीप मिळाली. तीन पंप, तीन माणसं. आधी साध्या पाण्याने फेरी मारून बघितलं, कोण किती वेगाने चालतं. मग नानांनी फक्कीच्या रेघा मारल्या. काय त्या रेघा! दोरी न लावता साडेतीन एकरभर सरळ पट्टे आखले त्यांनी, कारण औषधाचा पट्टा सुटला तरी वाईट आणि दोनदा पडला तरी वाईट. हातमोजे, तोंडाला मास्क, पाण्यात औषध आणि पानाला चिकटून राहावं म्हणून स्टिकर. सकाळी सातला सुरुवात केली आणि वारा उठायच्या आत आवरलं. मैदानाला दोरी बांधली, पाटी लावली, 'औषध फवारले आहे, आत येऊ नये'. मी नानांना विचारलं, "मैदानावर कोण कोण येतं?" ते म्हणाले, "पोरं." पोरांना सक्त ताकीद दिली. माझ्या दृष्टीने काम चोख झालं होतं.

मग ते पंधरा दिवस. दर तिसऱ्या दिवशी जळगावहून सकाळची एसटी पकडून मी धुळ्याला. लव्हाळा जसाच्या तसा! नवव्या दिवशी आबा स्वतः येऊन उभे राहिले, गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत, काच खाली करून म्हणाले, "ताई, औषध मारलं की पाणी?" नानांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आबा, थोडा धीर धरा." काच वर गेली.

बाराव्या दिवशी मी खाली बसले, एक मधलं पान चिमटीत धरलं आणि हलकेच वर ओढलं. आलं की हातात! लोण्यातून सुरी यावी तसं अलगद आलं, आणि बुडाशी तपकिरी, सडकं. मी एवढ्या मोठ्याने "नाना!" म्हणून ओरडले की ते हातातली पाण्याची नळी टाकून धावत आले, त्यांना वाटलं मला साप चावला. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. सगळी आली! आम्ही दोघं म्हातारे मैदानात रांगत सुटलो, ते इकडून ओढताहेत, मी तिकडून. अठराव्या दिवशी मैदानभर पिवळे ठिपके, आणि खालून नानांची हरळी हिरवीगार. त्या दिवशी नानांच्या घरून माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आला. तशी भाकरी मी जन्मात खाल्ली नाही.

आणि पितृपक्षात दोन दिवस पाऊस झाला.

पाऊस थांबल्यावर गेले तर पिवळ्या पानांच्या मधून नवे, चकचकीत, हिरवे भाले. थोडे होते, पण होते. तोंडावर कोणी सपकन पाणी मारावं तसं मला झालं. आबांना कोणीतरी त्याचा फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "ताई, वरचं पिवळं मला दाखवू नका. बायांनी उपटलं तेव्हाही आठ दिवस छान दिसत होतं. खाली काय आहे ते दाखवता येत असेल तर बोला." ते बरोबर बोलत होते. गाठी मेल्या की नाहीत हे मी पानावरून सांगत होते, आणि पान खोटं बोलू शकतं.

नवरात्राच्या सातव्या माळेला सकाळी मी मैदानावर पोचले आणि जागच्या जागी थिजले. पूर्वेच्या कडेला तीन बाया विळे घेऊन बसलेल्या. भराभर खणताहेत. बाजूला दोन गोण्या. आणि आमचे नाना त्यांना लोट्याने पाणी देताहेत!

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला माहीत असूनही मी विसरले होते. लव्हाळ्याच्या गाठी म्हणजेच नागरमोथा. दिवाळीच्या पहाटे आपण अंगाला उटणं लावतो ना, त्यात जो गोड मातकट वास असतो तो बराचसा याचाच. या बाया शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या. पावसाळी शेती झाली की मजुरीला खाली धुळ्यात उतरतात, आणि दरवर्षी नवरात्रात मैदानाच्या कडेला, नाल्यालगत पूर्वीपासून असलेला मोथा खणून, वाळवून जडीबुटीच्या व्यापाऱ्याला विकतात. हे कितीतरी वर्षं चाललेलं. नाना त्यांना कधी नाही म्हणाले नव्हते.

उटणं! लहान पोरांच्या अंगाला! आणि माझं औषध! माझा तोल सुटला. चारचौघांत, त्या बायांच्या देखत, मी नानांना नाही नाही ते बोलले. "अक्कल आहे का? मी विचारलं होतं ना कोण येतं म्हणून?"

नाना लोटा हातात धरून उभे राहिले. "तुम्ही विचारं, ग्राऊंडवर कोन येस," ते हळू म्हणाले. "ग्राऊंडवर पोरंच येतस. ह्या तं कडेले ऱ्हातीस. आनि ताई, मीच निरोप धाडा त्यास्ले. औषधवाली ताई बठ्ठा मारी टाकी, त्याआधी लई जा म्हनी."

म्हणजे ताई सगळा मोथा मारेल, त्याआधी घेऊन जा, असं सांगून त्यांनी त्या बायांवर उपकारच केला होता. आणि मी पाटी लावली होती, जी त्या बायांना वाचता येत नव्हती, आणि तीही दोन दिवसांनी काढून टाकलेली. चूक कोणाची होती हे मला तिथेच कळलं. पण बोललेले शब्द परत घेता येत नाहीत, आणि नानांनी ते शांतपणे ऐकून घेतले हे मला आजही खुपतं.

त्यांच्यातली मोठी, सुमलीबाई, काळीसावळी, काटक, साठीच्या आसपासची, हे सगळं बघत होती. ती उठली नाही. तिची बोली पावरी, पण बाजारापुरती खान्देशी बोलते. मला म्हणाली, "ताई, वरडू नको. हाऊ मोथा मी लेत नही."

"का?"

"मेला शे."

तिने एक गाठ उचलली, विळ्याच्या टोकाने चिरली आणि माझ्यासमोर धरली. आत तपकिरी, भुसभुशीत. मग दुसऱ्या ढिगातली एक चिरली. ही आत पांढरी, घट्ट. "हाई वास दख." मी वाकले. तोच वास! दिवाळीचा, न्हाणीघराचा, आईच्या हाताचा. पहिलीला नुसता मातीचा वास. "वास नही तं हाऊ कोन लेई?" सुमलीबाई म्हणाली. तिने खणल्या खणल्या नाकाला लावून निवड केली होती. गोणीभर मेलेला मोथा बाजूला टाकलेला, आणि चांगला निघाला तो जेमतेम ओंजळभर.

मी त्या मेलेल्या ढिगात हात घातला आणि मला रडू यायला लागलं. अहो, गाठी मेल्या होत्या! औषध खालपर्यंत पोचलं होतं! मी ज्याचा पुरावा महिनाभर शोधत होते, तो या बाईने कचरा म्हणून टाकून दिला होता.

मग मी त्या तिघींना हातमोजे दिले. सुमलीबाईने घातले आणि लगेच काढून फेकले, म्हणाली बोटाला कळत नाही. मी हट्टाने पुन्हा घालायला लावले. आम्ही मैदानात जागोजाग खणत हिंडलो. मध्यात जवळजवळ सगळा मेलेला. पश्चिमेला तसाच. पूर्वेच्या नाल्याजवळ एका अरुंद पट्ट्यात मात्र सगळा जिवंत. नानांनी जमिनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नाल्याच्या ओलीत त्यांची फक्कीची रेघ पुसली गेली होती आणि मी तो पट्टा सोडून पुढे गेले होते! छत्तीस वर्षं यातच घालवलेली तज्ज्ञ मी, आणि माझा सुटलेला पट्टा एका बाईने नाकाने शोधून काढला. त्या दोन्ही गोण्या, चांगल्या ओंजळीसकट, मी ताब्यात घेतल्या आणि खोल खड्ड्यात पुरल्या. सुमलीबाईच्या तोंडावर नाराजी स्पष्ट दिसत होती, आणि ती नाराज असण्यात चूक काहीच नव्हती. मी तिला फक्त एवढंच म्हटलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ये.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

समिती आली. आबा, प्राचार्य आणि प्लास्टिकच्या गवताचा एजंट. त्याने बगलेतून नमुन्याचा मोठा तुकडा काढला आणि हिरवळीवर अंथरला. हिरवागार, एकसारखा. "ना पाणी, ना कापणी, ना औषध," तो म्हणाला. नाना पॅव्हेलियनच्या पायरीपाशी उभे होते, टोपी हातात. सुमलीबाई खरंच आली होती, त्यांच्यामागे पायरीवर बसली होती. मी आबांना ताज्या खणलेल्या गाठी चिरून दाखवल्या. ते वाकून बघत होते.

"सगळं मेलं?" त्यांनी विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं! एजंट माझ्याकडेच बघत होता, नानाही. पण मी खोटं सांगून गेले असते आणि पुढच्या पावसाळ्यात ते नानांच्या माथी आलं असतं. मी म्हटलं, "नाही आबा. थोडा आहे. पुढच्या पावसाळ्यात जिथे उरलाय तिथे पुन्हा मारावं लागेल."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"बघत राहावं लागेल. लव्हाळ्याला कोणीतरी सतत बघणारं लागतं."

"नाना तर चालले," आबा म्हणाले. "बघणार कोण? कुठे उरलाय ते तरी कसं कळणार?"

एजंट पुढे सरकला. मी नानांकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात पायरीवर बसलेली सुमलीबाई उठली. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती सरळ मैदानात चालत गेली, नाल्याच्या अलीकडे थांबली. तिथे वर एकही पान दिसत नव्हतं, मी शपथेवर सांगते, नुसती हरळी होती. तिने बसून तळवा जमिनीवर फिरवला, दोन बोटं खुपसली आणि एक गाठ उपसून काढली. परत आली, चिरली आणि आबांच्या हातात ठेवली. "वास ले, आबा."

आबांनी ती नाकाशी नेली. एवढा करारी माणूस, पण क्षणभर त्यांचे डोळे मिटले. मग त्यांनी सुमलीबाईकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच.

"हिला खाली कुठे आहे ते कळतं?"

"कळतं," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा जास्त."

"नाना?"

नानांनी होकाराची मान हलवली.

आबांनी गाठ बोटांत फिरवली. मग प्राचार्यांना म्हणाले, "येत्या पावसाळ्यापासून या बाईला मैदानावर कामाला घ्या." आणि एजंटकडे वळून शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमचा तुकडा उचला. खालचं गवत दबतंय."

काय सांगू! मी नानांचा हात धरून गदागदा हलवला. नाना मात्र तुकडा उचलला होता तिथे गेले, खाली बसले आणि दबलेली हरळी बोटांनी उभी करायला लागले. एक एक काडी. त्यांचे खांदे हलत होते. आम्ही कोणी जवळ गेलो नाही. आबाही गाडीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

सगळे गेल्यावर सुमलीबाई माझ्याशेजारी येऊन बसली. खूश असेल असं मला वाटलं, पण तिच्या कपाळावर आठी होती. म्हणाली, "ताई, तू शिकेल बाई शे. एक सांग. तुम्ही बठ्ठा मारी टाकशात, तं दिवाळीले आम्ही मोथा कोठून आणसूत?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही कोणाला विचारला नव्हता. केळीत, उसात, लॉनवर, मी जिथे जिथे लव्हाळा मारला, तिथे तिथे कडेला कोणी विळा घेऊन येत होतं का? मी बघितलंच नाही. माझं लक्ष नेहमी पानाकडे.

पॅव्हेलियनच्या मागे सिमेंटचा एक जुना, कोरडा हौद पडून होता. चारी बाजूंनी पक्का, त्यातून मूळ बाहेर जायची भीती नाही. नानांनी तो झाडला. आम्ही त्यात नदीकाठची स्वच्छ माती भरली. सुमलीबाईने पांझरेच्या पलीकडून, जिथे माझं औषध कधी गेलं नव्हतं तिथून, ओटीभर मोथा आणला आणि बोटाने खड्डे करून वीत वीत अंतरावर लावला. नाना म्हणाले, "ताई, पाणी तुम्हीच टाका."

आणि मी, जिने आयुष्यभर हे झाड मारायचाच पगार घेतला, लोटा भरून आणला आणि लव्हाळ्याला पाणी घातलं.